दीर्घ आजारात ‘काळजी घेणं’ म्हणजे नर्सनं नेमकं काय करायचं?

गिरणाकाठ
नमस्कार मंडळी. मी जळगाव जिल्ह्यात नर्सिंगच्या मुलामुलींना सामुदायिक आरोग्य शिकवते. वर्गात एका मुलीनं विचारलेला प्रश्न इथे मांडते आहे.

पहिल्या वर्षाला आम्ही व्हर्जिनिया हेंडरसन या अमेरिकन परिचारिकेची नर्सिंगची व्याख्या शिकवतो. माणसाकडे ताकद, इच्छा आणि माहिती असती तर त्यानं स्वतःसाठी जे केलं असतं, ते करायला नर्सनं त्याला मदत करायची, आणि तो लवकरात लवकर स्वतःच्या पायावर उभा राहील अशा बेतानं करायची. मुलीनं विचारलं, “मॅडम, शुगरचा पेशंट लवकरात लवकर म्हणजे कधी मोकळा होतो?” प्रश्न अगदी बरोबर आहे. मधुमेह, बीपी, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), जुना दमा यांत डिस्चार्ज नसतोच. आजार माणसाबरोबर शेतात जातो, लग्नाला जातो, एसटीत बसतो.

नर्सिंगचा बराचसा विचार खाटेभोवती वाढला. नाइटिंगेलबाईंनी १८५९ मध्ये हवा, उजेड, स्वच्छता, शांतता यांवर लिहिलं ते आजही खरं आहे, पण तिथे रुग्ण नर्सच्या नजरेसमोर असतो. आमच्या गावातला रुग्ण महिन्यातून पंधरा मिनिटं समोर येतो, बाकीचा महिना तो आणि त्याचं घर. मग त्या पंधरा मिनिटांत काळजी म्हणजे काय? शिकवणं? लक्ष ठेवणं? सोबत करणं? की गोळ्या मोजून देणं?

माझं मत सांगते. दीर्घ आजारातली काळजी म्हणजे त्या माणसाच्या जगण्यात उपचार बसेपर्यंत त्याच्याबरोबर पुन्हा पुन्हा जुळवाजुळव करत राहणं. आणि आपल्या रजिस्टरमध्ये या कामाला रकानाच नाही. भेट झाली का, बीपी किती, गोळ्या किती, एवढंच. खान्देशातले अनुभव असतील तर जरूर लिहा, रुग्णांचे, घरच्यांचे, काम करणाऱ्यांचे.

भरीतवाला
धागा मोठा होणार, चहा ठेवतो. चर्चा कुठेही जाऊ द्या, फक्त कळण्याची भाकरी आणि भरितावर बंदी आणू नका म्हणजे झालं.

तापीकिनारा
भुसावळला प्रॅक्टिस आहे, त्या अनुभवावरून लिहितो. गिरणाताई, भावना पटली, पण एक धोका दिसतो. ‘जगण्यात बसवणं’, ‘सोबत’ हे शब्द ऐकायला छान आहेत. बीपीला मात्र शब्द कळत नाहीत. माझ्याकडे पॅरालिसिस होऊन येणारे बहुतेक लोक सांगतात, “काही त्रासच नव्हता, म्हणून गोळी सोडली.” त्रास नव्हता हे खरंच असतं. तुमच्या विचारात रुग्णाच्या अनुभवापासून सुरुवात करायची आहे. जो आजार अनुभवालाच येत नाही, तिथे सुरुवात कुठून करणार? तिथे आकडाच बोलतो. १४०/९०च्या खाली आणायचं, बस. प्रोटोकॉल ठरलेला आहे, गोळ्या स्वस्त आहेत. त्या रोज पोटात गेल्या पाहिजेत, हीच काळजी.

भरीतवाले, वांगं खुशाल खा. वरचं तेल आणि ठेच्यातलं मीठ तेवढं बघा.

उपकेंद्रवाली
मी शहादा तालुक्यात समुदाय आरोग्य अधिकारी आहे, नर्सिंगमधून आले. डॉक्टरसाहेब म्हणतात तो प्रश्न आम्हाला रोज भेटतो. “माले ते काहीच व्हत नही, मग गोळी कसाले?”

पण “गोळी पोटात गेली पाहिजे” हे वाक्य जिथे संपतं, तिथे माझं काम सुरू होतं. एक मावशी आहेत, कापूस वेचायला जातात. बीपी कधी आटोक्यात, कधी एकदम वर. गोळ्या नेतात, सहीही करतात. आधी मी वजन, मीठ, पापड सगळं विचारून पाहिलं. शेवटी एकदा त्यांच्या ओट्यावर निवांत बसले तेव्हा कळलं. त्यांना एक गोळी लघवी वाढवणारी होती. सकाळी घेतली की दुपारपर्यंत दोन-तीनदा जावं लागायचं. वावरात आडोसा नाही, सोबत गडीमाणसं, मुकादम ओरडतो. म्हणून वेचणीच्या दिवसांत त्या ती गोळी घेतच नव्हत्या, आणि घरी असल्या की घ्यायच्या. आकड्याचं वर-खाली होणं वेचणीच्या तारखांशी जुळत होतं.

मी ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना सांगितलं आणि त्यांनी औषध बदलून दिलं. आता रजिस्टरमध्ये फक्त ‘औषध बदलले’ एवढंच दिसतं. मावशी सांगणारच नव्हत्या, कारण हे डॉक्टरला सांगायची गोष्ट आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. डॉक्टरसाहेब, तुमचा आकडा मला हवाच आहे. तो बिघडला म्हणूनच मी ओट्यापर्यंत गेले.

तापीकिनारा
हे उदाहरण चांगलं आहे. माझ्या ओपीडीत हे कळलं नसतं, मान्य.

दादर_भाकर
मी मूळचा पारोळ्याकडचा, नोकरीला पुण्यात. आईला बारा-तेरा वर्षं शुगर. मला वेगळाच प्रश्न पडतो. सगळे तिला सांगतात, हे खाऊ नको, ते खाऊ नको. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्यांच्या ताटात आमरस आणि खापरावरची पुरणपोळी, आणि तिच्या ताटात ज्वारीची भाकरी आणि भाजी. रांधलं सगळं तिनेच. मी म्हणालो, माई, तुझं आयुष्य आहे, धोका माहीत आहे, खायचं का नाही ते तू ठरव. मला हाच तिचा मान वाटतो. सिस्टरनं माहिती द्यावी आणि निर्णय माणसावर सोडावा. काळजीच्या नावाखाली म्हाताऱ्या माणसाला लहान मूल करणं मला पटत नाही.

गिरणाकाठ
दादर_भाकर, तुमच्या माईंचं ताट डोळ्यांसमोर आलं. याच मुद्द्यावर अ‍ॅनमरी मॉल या डच तत्त्वज्ञ बाईंचं काम मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी नेदरलँड्समधल्या एका रुग्णालयात मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात बसून निरीक्षण केलं. त्या म्हणतात की रुग्णाला गिऱ्हाईक समजून पर्याय समोर मांडायचे आणि ‘निवडा’ म्हणायचं, ही एक रीत. काळजीची रीत वेगळी. तिच्यात निर्णय एकदाच होत नाही. काहीतरी करून बघायचं, काय झालं ते पाहायचं, थोडं बदलायचं, पुन्हा बघायचं. डॉक्टर, नर्स, रुग्ण, सुई, मशीन, स्वयंपाकघर सगळे त्या कामात सामील.

म्हणजे माईंना “खाऊ नका” सांगणारी नर्स अर्धवट, आणि “तुमचं तुम्ही ठरवा” म्हणून निघून जाणारीसुद्धा अर्धवटच. तिनं बसून विचारावं, अखाजीला काय काय होतं घरी? रस छोट्या वाटीत घेतला आणि पोळी अर्धी केली तर? भात त्या दिवशी सोडला तर? दोन तासांनी बोटातून रक्त काढून आकडा बघायचा का? पुढच्या सणाला तोच आकडा माईंच्याच कामाला येईल. निवड माईंचीच राहते, पण त्या एकट्या पडत नाहीत.

दादर_भाकर
हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सणाच्या दिवशी शुगर तपासायची म्हणजे गुन्हा पकडायला तपासायची, असंच आमच्या घरात वाटत आलंय.

कानबाईची_सून
सगळं वाचलं. एक विचारू? ‘घर’, ‘कुटुंब’, ‘समुदाय’ हे शब्द वर बरेचदा आले. आमच्या घरात त्याचा अर्थ मी.

सासऱ्यांना शुगर, पायाला जखम. ड्रेसिंग मी करते, सुई मी टोचते, वेगळी भाजी मी करते, पाय रोज आरशात धरून मीच बघते. सिस्टर चांगल्या आहेत, प्रेमानं शिकवलं त्यांनी. पण शिकवलं कुणाला? मला. नवऱ्याला कुणी शिकवलं नाही, तो तिथेच खाटेवर बसलेला होता. समुदायाधारित काळजी म्हणजे दवाखान्यातलं काम उचलून बाईच्या अंगावर टाकणं असेल, तर त्याला तत्त्वज्ञान म्हणू नका. सासऱ्यांचं करायला माझी ना नाही, ते मला लेकीसारखं वागवतात. पण माझ्या कंबरेचं दुखणं कुठल्याच फॉर्मवर नाही.

उपकेंद्रवाली
ताई, तुमचं म्हणणं मी वहीत लिहून घेतलं. मुलांना, नवऱ्यांना सुई टोचायला शिकवायचं हे आम्हाला कुणी प्रशिक्षणात सांगत नाही. पुढच्या भेटीपासून मी आवर्जून करणार.

धुळेकर_परिचारिका
कानबाईची_सून, एकदम खरं. मी काही वर्षं केरळात काम केलं. कोझिकोडला उपशामक काळजीचं (गंभीर आजारात त्रास हलका करण्याचं) जे काम उभं राहिलं, त्यात गावातले स्वयंसेवक, त्यांच्याबरोबर घरोघर जाणारी प्रशिक्षित नर्स, आणि पुढे पंचायतीचा पैसा अशी सांगड होती. २००८ मध्ये त्या राज्यानं यासाठी धोरणही केलं. रुग्णाच्या घरी कोण दमलंय हे विचारणं नर्सच्या कामाचा भाग होता. शेजारचा कॉलेजचा पोरगा येऊन दोन तास बसायचा, म्हणजे घरातली बाई बाजारात किंवा देवळात जाऊन येऊ शकायची.

तिकडचं जसंच्या तसं इथे आणता येणार नाही, तिथली पंचायत आणि वाचनालयं यांची मुळं वेगळी आहेत. पण आपल्याकडेही माणसं जमतात की. कानबाईच्या रोटाला, आपल्या खान्देशातल्या त्या सणाला, अख्खी भाऊबंदकी एकत्र येते. त्यातल्या चार जणांनी आठवड्याचा एक दिवस वाटून घेतला तर?

भरीतवाला
माझ्या काकांसाठी मी रविवार घेतो. हे गमतीत लिहीत नाही, आजच काकूला फोन केला.

अमळनेरी_आप्पा
अमळनेरला निवृत्त आयुष्य चाललंय, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. आमच्या गावात १९१६ मध्ये प्रतापशेठजींच्या दातृत्वातून तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. अद्वैताचा अभ्यास हा तिथला गाभा. म्हणून या धाग्यावर मनात आलेलं थोडं सविस्तर लिहितो.

सेवेबद्दल बोलताना आपल्याकडे चटकन म्हटलं जातं, सेवा करणारा आणि घेणारा वेगळे नाहीतच, दोघांत एकच तत्त्व. परमार्थाच्या पातळीवर मी ते मानतो. पण नर्सिंगमध्ये ते घाईनं आणलं की दोन तोटे होतात. पहिला म्हणजे रुग्णाचं वेगळेपण पुसलं जातं. “मला कळतं तुला काय हवंय” असं वाटू लागतं, आणि मग त्या कापूस वेचणाऱ्या मावशींना विचारायचं राहून जातं. दुसरा तोटा कानबाईच्या सुनेनं सांगितला. सेवा करणारीचं स्वतःचं दुखणं उरतच नाही, कारण तिनं ‘मी’ विसरावा अशी अपेक्षा असते. शंकराचार्यही व्यवहार व्यवहाराच्या जागी ठेवतात. व्यवहारात दोन माणसं आहेत, दोघांची शरीरं आहेत, दोघंही दमतात.

निष्काम कर्माचंही तसंच. ‘फळाची आशा नको’ हे वचन आशाताईंना सांगून त्यांचा मोबदला अडवण्यासाठी नाही. सेवेला पवित्र म्हणायचं आणि पवित्र कामाला पैसे कसले असं पुढे जोडायचं, ही लबाडी आहे आणि ती आपल्या समाजात जुनी आहे.

तापीकिनाऱ्यांच्या आकड्याबद्दल. आकडा हा कुणाचा अनुभव नाही हे खरं, पण तो खोटाही नाही. आज न दिसणारं उद्याचं दुःख तो दाखवतो. आपल्याकडे अनुमानाला प्रमाण मानलंच आहे. धूर दिसला की अग्नी मानतो, तसा आकडा दिसला की धोका मानायचा. नर्सचं काम ते अनुमान रुग्णाला स्वतःचं स्वतः करता येईल इथवर आणणं.

सातपुड्याची_लेक
आप्पा, पाया पडते. मी चोपडा तालुक्यात आशा आहे. मोठं लिहिता येत नाही पण लिहिते.

तीस वर्षांपुढच्या सगळ्यांचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजाराचा धोका किती ते बघायचा फॉर्म, आम्ही भरतो. त्यात तंबाखू, दारू, कंबरेचं माप, घरात कुणाला शुगर-बीपी आहे का, असे प्रश्न. गुण चारच्या वर गेले तर तपासणीला आधी पाठवायचं. कागदावर सोपं आहे. आता बघा, सून ओट्यावर, सासू बाजूला, दीर दारात. तिथे मी तिच्या कंबरेला टेप लावायचा आणि “मिश्री लावतेस का” विचारायचं. ती खोटंच सांगणार. म्हणून मी आधी सासूचं माप घेते, हसतखेळत. मग आत चुलीपाशी जाऊन सुनेला विचारते. एका घराला अर्धा-पाऊण तास जातो. पैसे फॉर्मवर मिळतात, वेळेवर नाही. भराभर भरले तर जास्त फॉर्म होतात, आणि सगळे चुकीचे.

गिरणाताई, तुम्ही रकाना नाही म्हणालात ते हेच असावं.

गिरणाकाठ
हेच, ताई. आणि तुम्ही छान लिहिता.

बोरीचं_पाणी
थोडं अवांतर. माझ्या वडिलांना नुकतंच इन्सुलिन सुरू झालं. गावी फ्रिज नाही, मे महिना तोंडावर. काय करतात लोक?

उपकेंद्रवाली
अवांतर नाही, हीच काळजी. मातीची दोन मडकी घ्या, एक मोठं, एक लहान. मोठ्यात वाळू भरून लहान मडकं मधोमध बसवा, वाळू दिवसातून दोनदा ओली करा. बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून लहान मडक्यात ठेवा, वर झाकण आणि ओलं फडकं. जागा सावलीची, वारा येईल अशी. आपल्याकडे हवा कोरडी असल्यामुळे हे चांगलं गार राहतं. न उघडलेला जास्तीचा साठा मात्र घरी आणूच नका, उपकेंद्रात किंवा मेडिकलवाल्याच्या फ्रिजमध्ये राहू द्या, एकेक बाटली न्या. उघडलेली बाटली साधारण चार आठवड्यांनंतर वापरू नका, उघडल्याची तारीख लेबलवर लिहा. आणि फ्रिजवाल्या शेजाऱ्याकडे ठेवलीत तर बर्फाच्या कप्प्यात जाऊ देऊ नका, गोठलेलं इन्सुलिन फेकायचं.

तापीकिनारा
यात भर. पाणीदार दिसणारं इन्सुलिन गढूळ झालं किंवा त्यात कण दिसले तर टोचू नका. आणि श्रावणात, नवरात्रात वडील उपास धरणार असतील तर आधी डॉक्टरांना भेटा. सुई टोचून उपाशी राहिलं की शुगर एकदम खाली जाते, थरथर, घाम, गोंधळ. अशा वेळी लगेच साखर किंवा गूळ द्यायचा, पण माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, गाडी करायची.

बोरीचं_पाणी
दोघांचे आभार. मडकी उद्याच्या बाजारातून आणतो.

अक्राणी_मास्तर
धडगाव भागात शिक्षक आहे. तुमची सगळी चर्चा शुगर-बीपीची चाललीय, आमच्याकडे दीर्घ आजार म्हटलं की सिकलसेल. माझ्या वर्गातली एक मुलगी थंडी वाढली, पाणी कमी प्यायलं, जास्त पळाली की हातपाय धरून रडते. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून तिला आधी ‘नाटकी’ म्हणायचे. डॉक्टरसाहेब, तुमच्या बीपीच्या अगदी उलट बघा. इथे अनुभव सगळा आहे आणि दुसऱ्याला दिसणारा आकडा रक्त तपासल्याशिवाय नाही. इथे नर्सचं पहिलं काम तिच्यावर विश्वास ठेवणं हे आहे. आमच्या सिस्टर शाळेत येऊन सगळ्या पोरांसमोर म्हणाल्या, “हिचं दुखतं ते खरं आहे.” त्या दिवसापासून वर्ग बदलला. पाण्याची बाटली तिच्या हातात द्यायचं काम पोरांनीच वाटून घेतलं.

दुसरा मुद्दा समुदायाचा. दिवाळीनंतर अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातेत जातो, होळीला परततो. मग चार-पाच महिने ‘समुदाय’ कुठे असतो? उसाच्या फडावर. औषध इथल्या उपकेंद्रात, पोर तिकडे. २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, तपासण्या वाढल्या, ते चांगलंच झालं. पण तपासणीचं कार्ड हातात असलेलं लेकरू फडावर तापानं फणफणलं तर तिथल्या सिस्टरला त्याची ओळख कुठून असणार? आमच्या सिस्टर आता जाण्याआधी आईबापांना औषध बांधून देतात, मुकादमाचा नंबर घेतात आणि फोन करत राहतात. हे कुणी सांगितलेलं काम नाही.

धुळेकर_परिचारिका
मास्तर, लग्नाच्या वेळचं समुपदेशन कसं करतात तुमच्याकडे? दोघंही वाहक (अंगात दोष आहे पण आजार नाही असे) असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. मला हे सांगणं नेहमी जड जातं. “लग्न करू नका” म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही, आणि न सांगणंही बरोबर नाही.

अक्राणी_मास्तर
सिस्टर तसं कधीच म्हणत नाहीत. तपासणी लग्नाची बोलणी सुरू व्हायच्या आधी, शाळा-कॉलेजच्या वयात व्हावी यावर त्यांचा जोर असतो. साखरपुड्यानंतर कळलं की मुलीचंच नाव खराब होतं, मुलगाही वाहक असला तरी. आणि ठरलंच लग्न, तर गरोदरपणात लवकर तपासणी होते हे त्या दोघांना सोबत बसवून सांगतात. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे तर त्यांना दर वेळी सांगावं लागतं.

तापीकिनारा
मास्तरांचं वाचून माझं मत थोडं सरकलं. प्रोटोकॉल पाहिजेच, यावर मी ठाम आहे, कारण तो नसेल तर गरिबाला मिळणारी सेवा त्या-त्या सिस्टरच्या स्वभावावर राहते. चांगली भेटली तर नशीब. जामखेडला आरोळे डॉक्टर दांपत्यानं १९७० पासून गावातल्या, बऱ्याचशा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केलं. त्या मायेनं काम करत होत्याच, पण त्यांचं प्रशिक्षण नियमित आणि पक्कं होतं, नोंदी होत्या, मागे दवाखाना होता. माया आणि शिस्त दोन्ही एकाच बाईच्या हातात होती. गिरणाताई, रकान्यावर टीका करताना हे विसरू नका. आकड्याचा रकाना काढू नका.

गिरणाकाठ
नाही काढत, डॉक्टर. सगळ्यांचं वाचून मूळ प्रश्नाकडे येते.

त्या मुलीला मी आता असं सांगेन की हेंडरसनच्या व्याख्येतलं ‘लवकर’ आपल्या रुग्णांना लागू पडत नाही, पण ताकद, इच्छा आणि माहिती हे तिन्ही शब्द पडतात. मावशींकडे माहिती होती, इच्छा होती, वावरात आडोसा नव्हता. सुनेकडे सगळं आहे, कंबर नाही. अक्राणीतल्या मुलीला विश्वास हवा होता. म्हणजे नेमकी कमी कुठे आहे ते शोधणं हे नर्सचं कौशल्य, आणि ते घरात बसल्याशिवाय येत नाही. ती कमी बरेचदा माणसात नसतेच, कामाच्या जागेत, रस्त्यात, नात्यात असते. तिथे नर्स एकटी पुरत नाही, पण बोट तीच ठेवू शकते.

या सत्रापासून माझ्या विद्यार्थ्यांच्या कुटुंब-अभ्यासात बदल करणार आहे. कुटुंबं कमी, भेटी त्याच घरी पुन्हा पुन्हा. बीपी-शुगरच्या शेजारी तीन ओळी लिहायच्या: उपचार कुठे अडला, घरात कोण दमलंय, गेल्या भेटीपासून आपण काय बदललं. घरातल्या एका पुरुषाला काहीतरी शिकवल्याशिवाय वही सही होणार नाही.

कानबाईची_सून
शेवटची अट फार आवडली.

सातपुड्याची_लेक
ताई, एक सांगू का? तुमची पोरं नेहमी सकाळी दहाला बसमधून उतरतात आणि तीनला जातात. तेव्हा गावात म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं. बाकी सगळे शेतात. खरं बोलायचं असेल तर सहाच्या पुढे या, भाकरी थापायच्या वेळेला. तेव्हा गडीही घरी असतो.

गिरणाकाठ
बरोबर आहे तुमचं. संध्याकाळच्या गाडीसाठी आणि मुलींच्या परतीच्या सोबतीसाठी प्राचार्यांशी सोमवारी बोलते. जमलं तर पहिली बॅच तुमच्याच गावाला पाठवते, चालेल का?

सातपुड्याची_लेक
चालेल. आधी कळवा, म्हणजे कुणाकुणाच्या घरी जायचं ते मी त्यांना विचारून ठेवते.